पिठाची चाळणी आणि पाच काड्या

...आणि वर हीच मला विचारते, "अहो, दाढ काढल्यावर इतकं छान बोलता येतं?" आता काय सांगू हिला? तुम्हालाच सांगतो, तोंडात कापसाचा बोळा, जीभ बधिर, दंतवैद्याच्या खुर्चीतून उठून थेट घरी आलेलो, "पाणी" म्हणायला जावं तर "पाई" बाहेर पडतंय... आणि बायको डोळे पुसत म्हणते, "आत्ता तासभर लेकीशी बोलत होतात, मी दाराबाहेरून ऐकलं!" घरीच खिडकीत राहिलेला फोन पाहिला. एक तास बारा मिनिटं. आणि रेंज? पाचच्या पाच काड्या!

थांबा, चाळणीपासून सांगतो. आमच्या घरात रेंज नाही. एक काडी, तीही खिडकीपाशी, तीही उपकार केल्यासारखी. दर रविवारी चारला लेकीचा फोन. "बाबा, तब्येत?" "बरी." "गुडघे?" "आहेत." की कट! बारा वर्षं हेच चाललंय. ती मला न पटलेलं लग्न करून दारात उभी राहिली, तेव्हा मी दार उघडलं नव्हतं. माझं चुकलं. एवढंच तिला सांगायचं होतं, पण त्याला रेंज नको? गच्चीवर तीन काड्या येतात, हे मला माहीत आहे... तो विषय तुम्ही काढू नका!

म्हणून अँटेना. पस्तीस वर्षं मी कॉलेजात लहरी शिकवल्या, डॉक्टरेट आहे माझी, पण हातात कधी पक्कड धरली नाही. तांब्याची तार, आठ सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर. बारा वेळा मोजली. बाराव्या वेळी पट्टीवरच संशय आला. माझ्या जुन्या फोनच्या पाठीवरचं रबरी बूच काढून तार आत खुपसली आणि मागे हिची पिठाची चाळणी टेकवली.

"माझी चाळणी!"

"अगं, तिच्यात लाटा एकवटतात."

"कोंडा एकवटतो तिच्यात!"

कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणाला होता, "काका, असलं काही जोडू नका, नको ते पकडेल." मी हसलो हो! चाळणी जरा डावीकडे फिरवली मात्र... पाचच्या पाच काड्या!

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, हे दाढेचं प्रकरण. मी घाबरलो. तार उपटली. चाळणी धुऊन हिला परत दिली. बॅटरी काढून टेबलावर ठेवली. फोन खिडकीत, बॅटरी टेबलावर, आणि पडद्यावर? पाचच्या पाच काड्या!

मग रविवार आला. चार वाजले. मी खोलीकडे निघालो, तर आतून आवाज. माझाच! पण त्यात माझं ते "म्हणजे", "कदाचित", "तसं नक्की सांगता येत नाही" काही नाही. सरळ, शांत आवाज. "बाळ, माझं चुकलं. त्या दिवशी मी दार उघडायला हवं होतं." आणि पलीकडे लेक रडतेय...

दार ढकललं. खुर्ची रिकामी. पडदा हलत नाही. खिडकीत नुसता फोन. आवाज थांबला. मग हळूच म्हणाला, "एक मिनिट हं बाळ... दारात कोणीतरी आलंय."

आणि मी काय केलं? सांगायला लाज वाटते... मी "सॉरी" म्हणालो आणि दार लोटून घेतलं. माझ्याच खोलीचं!

तसाच धावलो, पायात एक चप्पल माझी, एक हिची. मोबाइलवाल्याचा फोन घेतला, लेकीला लावला.

"कोण बोलतंय?"

"मी... बाबा."

तर म्हणते, "हे बघा काका, चेष्टा करू नका. बाबा दुसऱ्या लाइनवर आहेत. बारा वर्षांनी मनातलं बोलताहेत हो... प्लीज, ठेवा ना."

आता मी पुरावा काय देणार? वडील असल्याचा? तुम्हीच सांगा, दोघांतला खरा बाप कोणता, हे ठरवायला बसलं तर माझंही मत कोणाला पडलं असतं? तो बोलत होता ते शब्द माझे, पण बोलला तो! मी फोनकडे पाहिलं. म्हटलं, निदान रेंज तरी जाईल. कट तरी होईल.

पाचच्या पाच काड्या!

मग काय... घसा खाकरला आणि म्हणालो, "माफ कर बाळ... राँग नंबर."