रोखाताईंचे एकेचाळीस फोटो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले आमचे निवृत्त हाडांचे डॉक्टर, व्यासपीठावर बसलेल्या मेट्रनबाई, आजच्या सत्कारमूर्ती रोखाताई, पहिल्या रांगेतल्या ताईंच्या मातोश्री, आणि आपली ड्यूटी कुणाच्या तरी गळ्यात घालून इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माझी ओळख करून देताना 'आपल्या रुग्णालयाचे ख्यातनाम छायाचित्रकार' असं म्हटलं गेलं. मी रेकॉर्ड विभागातला कारकून आहे. फोटोग्राफी हा माझा छंद. ख्याती आहे, नाही असं नाही. पण ती कोणत्या प्रकारची आहे, हे पाहुण्यांनी कॅन्टीनमध्ये विचारावं, माझ्यासमोर विचारू नये. इथल्या छायाचित्र मंडळाचा मी संस्थापक आहे, अध्यक्ष आहे आणि पहिली चार वर्षं एकमेव सभासदही होतो. त्या चार वर्षांत मंडळात एकदाही मतभेद झाला नाही.

नव्या मंडळींसाठी एवढंच सांगतो, की ताईंचं खरं नाव हजेरीपटावर आहे आणि तिथेच राहिलं आहे. चौतीस वर्षं एक्स-रे विभागातून त्यांचा एकच आवाज येत राहिला, "श्वास घ्या, रोखा, सोडा." त्यातलं 'रोखा' इतकं खणखणीत, की बाहेर बाकावर बसलेले नातेवाईकही श्वास रोखत. त्यावरून त्या रोखाताई झाल्या. आता आपल्या मनात येईल, की एक्स-रेच्या ताईंच्या निरोपाला हा रेकॉर्डवाला फोटोग्राफीचं का सांगतो आहे? तर मला फोटोग्राफी जी काही येते, ती या बाईंनी शिकवली. जी येत नाही, ती मी स्वतः पुस्तकं वाचून शिकलो.

आमची ओळखच मुळी फोटोवरून झाली, आणि भांडणानं झाली. अठरा वर्षांपूर्वी मी नवा कॅमेरा घेतला आणि उत्साहाच्या भरात सगळ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायची जबाबदारी अंगावर घेतली. लोकांना मी पांढऱ्या भिंतीला अगदी चिकटवून उभं केलं आणि समोरून फ्लॅश मारला. नवशिक्यांनी हे लक्षात ठेवावं. भिंतीपासून माणूस दोन पावलं पुढे घ्या आणि फ्लॅश बंद करून त्याला खिडकीशी न्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यामुळे आमचे दोनशे कर्मचारी नुकतीच चोरी पकडली गेल्यासारखे दिसू लागले. ताईंना तर गेटवरचा पहारेकरी आत सोडेना. तो म्हणाला, बाई तुम्हाला मी रोज बघतो, पण या कार्डावरच्या बाईला नाही ओळखत. ते ओळखपत्र घेऊन ताई तडक माझ्या खिडकीशी आल्या, ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मी पेशंटच्या बरगड्या याच्यापेक्षा बऱ्या दाखवते."

माणसानं इथे शरमावं आणि शिकावं. मी शरमलो आणि आणखी सामान घेतलं. एक लांब लेन्स आली, एक त्याहून लांब आली. फोटो हलतात म्हणून ट्रायपॉड आला, ट्रायपॉड जड म्हणून हलका ट्रायपॉड आला, आणि तो वाऱ्यानं हलतो म्हणून त्याला टांगायला वजनाची पिशवी आली. आमची ही मागे बसली आहे. तिला विचारा, आमच्या कपाटात साड्यांना जागा किती उरली. एकदा ती शांतपणे म्हणाली होती, तुम्ही फोटो काढायला निघता की घर बदलायला? तेव्हा ज्यांना कालपरवाच छंद लागलाय त्यांना हात जोडून सांगतो, एक साधी लेन्स घ्या, जिच्यात जवळ-लांब काही करता येत नाही. मग तुम्हाला स्वतःच्या पायांनी पुढे जावं लागतं. पुढे गेलं की माणसाशी बोलावं लागतं. लांब लेन्सा मी घेतल्या त्या लांबच्यासाठी नाही, मला बोलायची लाज वाटायची म्हणून. हे कबूल करायला मला बारा वर्षं लागली.

तर माझे फोटो घेऊन मी जेवणाच्या सुट्टीत ताईंकडे जाऊ लागलो. त्यांनी जुन्या काळी अंधाऱ्या खोलीत हातानं फिल्मा धुतलेल्या. उजेड किती पडला हे त्यांना नुसतं बघून कळतं. त्या माझा फोटो खिडकीशी धरत आणि म्हणत, "जास्त पडलाय, कमी करा." मी कमी करायचो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणत, "अजून जास्त झालाय." मी आणखी कमी करायचो. दोन महिन्यांत माझे फोटो इतके काळे झाले, की कोणता फोटो कोणाचा हे मागे लिहून ठेवावं लागे. मग हाडांच्या डॉक्टरसाहेबांनी, हे इथेच बसले आहेत, एकदा आमचा संवाद ऐकला आणि कपाळाला हात लावला. एक्स-रेच्या फिल्मवर किरणांचा मारा जास्त झाला की फिल्म काळी पडते. माझ्या फोटोत उजेड कमी पडला की फोटो काळा होतो. बाई त्यांच्या जागी बरोबर, मी माझ्या जागी आज्ञाधारक. डॉक्टरसाहेब म्हणाले, तुम्ही दोघं मिळून एखाद्या पेशंटला हात लावू नका म्हणजे झालं.

पण त्याच खोलीत मला माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा मिळाला. मी तक्रार केली, की माझ्या फोटोत माणसं लाकडासारखी येतात. ताईंनी विचारलं, तुम्ही बटण कधी दाबता? मी म्हटलं, एक, दोन, तीन म्हणतो आणि तीनला दाबतो. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, तीन ऐकलं की माणूस श्वास रोखतो. मला रोखलेलाच श्वास हवा असतो, नाहीतर फुप्फुस हलतं. तुम्हाला फुप्फुसाशी काय करायचंय? मग मला दारापाशी उभं करून म्हणाल्या, "बघा आता. मी 'सोडा' म्हणते ना, त्यानंतर पेशंटचे खांदे खाली येतात, चेहरा त्याचा स्वतःचा होतो. तेव्हा घ्यायचा फोटो. माझं काम संपतं तिथं तुमचं सुरू होतं." मित्रहो, हे कोणत्याही कॅमेऱ्याच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. 'तीन' म्हणा, आणि बटण दाबू नका. लोक वाट बघून कंटाळतील, श्वास सोडतील, तुम्हाला हसतील. मग दाबा.

इतकं शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचा फोटो मात्र मला पुन्हा कधी काढू दिला नाही. ओळखपत्राचा घाव खोल होता. मोबाइल जरी कुणी वर केला तरी त्या शिशाचा एप्रन तोंडासमोर धरत. आमच्या गेल्या अठरा वर्षांच्या सगळ्या समूह-फोटोंत तुम्हाला एक एप्रन दिसेल, त्याच्या मागे ताई आहेत.

आणि गेल्या सोमवारी त्या आपणहून माझ्या खिडकीशी आल्या. का आल्या, ते सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या म्हणाल्या, सगळ्यांना माहीतच आहे, सांगा. ताईंच्या आईंना हल्ली माणसं आठवत नाहीत. सकाळी आठवतात, दुपारी निसटतात. ताई कामावरून घरी जातात तेव्हा आई विचारतात, तुम्ही कोण, कोणाकडे आलात? निवृत्तीनंतर ताई दिवसभर घरीच असणार. म्हणून आईंना समजावं, सवय व्हावी, यासाठी ताईंनी त्यांना स्वतःचं ओळखपत्र दाखवून सांगितलं, की ही बाई आता घरी राहायला येणार आहे. आईंनी कार्ड निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, हिला घरात घेऊ नका. ताई हे मला हसत हसत सांगत होत्या. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एक फोटो असा काढून द्या, की आई मला ओळखेल. भिंतीवर लावते."

त्या ओळखपत्रावरचा फोटो मीच काढलेला होता. मला काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजा.

मंगळवारी दुपारी त्या माझ्यासमोर खिडकीशी बसल्या. एप्रन काढून खुंटीला अडकवला. मी साधी लेन्स लावली, ट्रायपॉड घरी ठेवला, सगळं त्यांनी शिकवलं तसं केलं. वीस मिनिटं त्या बोलत होत्या. लहानपणी आई त्यांची वेणी इतकी घट्ट घालायची, की दिवसभर भुवया वर राहायच्या, हे सांगताना त्या अशा हसल्या, की मी चौतीस वर्षांत, म्हणजे माझ्या वाट्याच्या अठरा वर्षांत, तसं हसू बघितलं नव्हतं. मी एकेचाळीस फोटो काढले. रेकॉर्डवाला आहे, मोजायची सवय आहे. घरी जाताना मी रस्त्यानं गाणं म्हणत होतो. असे फोटो मी आयुष्यात काढले नव्हते.

अध्यक्ष महाराज, ते मी काढलेच नव्हते. घरी जाऊन कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, तर आत फोटो साठवायचं कार्डच नव्हतं. कार्ड सोमवारपासून कॉम्प्युटरला लावलेलं. कॅमेरा बिचारा एकेचाळीस वेळा खटखट वाजला, दर वेळी कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं, आणि मी ते बॅटरीचं असेल म्हणून सोडून दिलं. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी आज घरी गेल्यावर एक करा. 'कार्ड नसताना बटण चालू द्यायचं का' असा एक पर्याय आत असतो, तो बंद करा. माझा चालू होता. हा आजच्या भाषणातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे, आणि तो देण्यासाठी मला काय मोजावं लागलं ते तुम्ही बघताच आहात.

बुधवारी मी सांगायला गेलो, तर बाहेर रांग होती. गुरुवारी गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, आईसाठी भिंतीत खिळा मारून झाला. खिळा पक्का बसलाय ना, एवढंच विचारून मी परत आलो. आणि इकडे मेट्रनबाई रोज विचारत होत्या, समारंभात द्यायची त्या फोटोची फ्रेम तयार आहे ना?

फ्रेम तयार होती. मघाशी अध्यक्षांच्या हस्ते टाळ्यांच्या कडकडाटात ताईंना दिली ती हीच, सोनेरी कागदातली. ती रिकामी आहे. कागद मी स्वतः गुंडाळला. साहेब, तुमच्या हातून मी एक रिकामी चौकट देववली, त्याबद्दल उद्या जो मेमो येईल तो मी स्वतःच माझ्या फाइलला लावीन.

ताई, तुमच्याकडे बघायची माझी हिंमत होत नाही. पण बघतो. तुम्ही हसताय? मेट्रनबाई, त्या हसताहेत ना? काय म्हणालात? 'हातात घेतली तेव्हाच कळलं, काचेमागे काही नाही'? बरोबर आहे. उभा जन्म आरपार बघण्यात गेलेल्या बाईंपासून मी कागद गुंडाळून लपवायला निघालो होतो.

मंडळी, एक मिनिट शांत राहा. कॅमेरा माझ्या गळ्यात आहे. कार्ड आत आहे, सकाळपासून सात वेळा बघितलंय. ताई, वेणीचं सांगा ना पुन्हा यांना. अहो एप्रन इथे नाही, काय शोधताय? हां.

झाला. एकच काढला.

मी जरा खाली उतरतो, माइक हातात आहे. नमस्कार आई. हे इथे बघा, या लहान पडद्यावर. घाई नाही, सावकाश बघा. ही कोण आहे, सांगाल?

मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून मी सांगतो. आई म्हणाल्या, "ही आमची मोठी. अजून इथे काय करतेय? तिला घरी पाठवा."

साहेब, यानंतर आभारप्रदर्शन होतं, तेही माझ्याचकडे होतं. ते मी उभ्या उभ्या उरकतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मेट्रनबाईंचे आणि इतका वेळ माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात जे कमी पडलं आणि जे जास्त झालं, ते काळ्यात धरायचं की पांढऱ्यात, हे आपण ठरवा आणि पोटात घाला. चहा नंतर होईल. आधी गेटवर कुणीतरी रिक्षा थांबवा. ताईंना घरी जायचं आहे, आई वाट बघताहेत.