खिळ्यावरचा बॅज

मी कोंढ्याचा. आमच्या घरी धानाच्या बांध्या, बाप अन दोघं मोठे भाऊ त्याच्यातच, मी तिसरा, मॅट्रिक झालो तं बाप म्हने तू का करशीन रे इथं, एवढ्या मानसाले पुरनारा चिखल नाही आपला, तं मी वरठीच्या टेसनावर जाऊन गाडीत बसलो अन भरती झालो. लोकाइले वाटते फौजी म्हनजे बंदूक. मास्तर, मी तं बंदूक टरेनिंगमध्ये धरली तेवढीच. मले मेडिकलमध्ये टाकलं अन तिथून एक्सरेच्या खोलीत. मी काय करत होतो ते आईले शेवटपर्यंत समजलं नाही, ती गावात सांगे, माहा पोरगा सरकारचे फोटो काढते. तुमी लिहून घेऊन राहिले तं बरोबर लिहा, एक्सरे.

काय सांगू तुमाले, ते किरन दिसत नाही, त्याचा वास येत नाही, चटका बसत नाही. म्हनून आमाले छातीले लावाले बॅज देत. त्याच्यात एवढीशी फिल्म, काळ्या कागदात बंद. महिना झाला का ती तपासाले जाये, मानसाले जेवढे किरन लागले तेवढी ती काळी होऊन निघे. कायदा असा का खोलीत पाय ठेवला का बॅज छातीवर पाहिजे, शिशाच्या एप्रनच्या आत.

अन आमचा उस्ताद होता, पंजाबकडचा हवालदार, मोठा भला मानूस, मले सारं काम त्यानंच शिकवलं. त्यानं पयल्याच हप्त्यात सांगतलं, बेटा, बॅज छातीले लावशीन अन काळा आला तं तुले एक्सरेतून काढतील, वार्डात टाकतील, मंग बस बिमाराइचे भांडे धुवत, त्याच्यापरीस बाहेर खिळ्याले टांग, साफचा साफ येते. दरवाज्याच्या चौकटीले बाहेरून खिळा होता. उस्तादचा बॅज तिथंच राहे. मंग माहा बी. खोटं कायले सांगू, मले ते हुशारीचं वाटे.

मंग उस्ताद पेन्शनीवर गेला, मी एकटा उरलो. त्याच साली आमच्या खोलीचा दरवाजा उधईनं पोखरून खाल्ला. सुतार आला, सागवानी नवा दरवाजा बसवून गेला, पॉलिश गिलिश एकदम चकाचक, आमी सारे खूश. महिन्यानं माहा बॅज तपासून आला तो काळा ठिक्कर.

मेजर साहेबानं बोलावलं. म्हने, ये क्या किया तूने, मशीनके सामने रखा था क्या जानबूझके, बीमारी दिखाके घरके पास पोस्टिंग चाहिए? आता पाहा, मले बढती भेटून नायकाची फीत लागनार होती, यादीत नाव आल्तं, गावाले चिठ्ठी बी पाठवली होती मी. साहेबाले मी आवडत होतो, त्यानं सोताच रस्ता काढून देल्ला. म्हने लिखके दे, के बॅज गलतीसे कमरेमें टेबलपर गिरा रह गया, मैं चेतावनी देके फाइल बंद करता हूँ. कागद बी देल्ला, पेन बी देल्ला. मी म्हनलो, जी साहब, खोलीत बसून लिहितो.

कागद घेऊन मी वापस आलो तं आमची सुगंधा दरवाज्यापासच्या बाकावर बसून होती. आमची मंडळी. फॅमिली क्वार्टर भेटलं होतं तवा, ती रोज दुपारचा डबा घेऊन ये अन माहं काम संपत वरी बाहेरच्या बाकावर बसून राहे, बाकीच्या बायाइसंग गोठी करत. सहावा महिना होता तिले. ती बसली होती अन तिच्या डोक्याच्या हातभर वरतं तो खिळा. मी तिच्याकडं पाहून राहिलो, खिळ्याकडं पाहून राहिलो. माहा बॅज तं कदी खोलीत गेलाच नव्हता. मंग काळा झाला तो इथं झाला, याच बाकापाशी.

तिले म्हनलो, जाय, क्वार्टरवर जाय, उद्यापासून येऊ नको. ती म्हने काहून, का झालं? मी म्हनलो, हुकूम आहे. अन तो बाक मी एकट्यानं ओढत ओढत पार झाडाखाली नेऊन ठेवला.

मंग मी दरवाजा बंद केला अन विचार केला. छातीचा फोटो काढाची जागा दरवाज्याच्या समोर होती, मशीनचं तोंड सरळ दरवाज्याकडं. जुन्या दरवाज्यात किरन अडवाले शिशाची चादर होती, म्हनून तो उघडाले जड जाये. नवा एका बोटानं उघडे, अन आमी खूश होतो का बापा किती हलका आहे. मी ट्रंकेची चाबी काढली, फिल्मच्या डब्याले चिकटवली, डबा बाहेरून दरवाज्याले बांधला, आसपास कोनी नाही पाहून मशीन चालवली. फिल्म धुतली. पान्यातून वरतं धरली तं चाबी दिसून राहिली, दातासकट.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या मास्तर. दरवाज्यातून किरन बाहेर येते हे सांगाचं तं बॅज बाहेर टांगत होतो हे बी सांगाच लागे. नाहीतर साहेब म्हनतील, तुले कसं समजलं. गप्प बसून दरवाजा कोनाकडून दुरुस्त करून घ्यावं असं बी मनात आलं, खोटं नाही बोलत. पन रोज पन्नास लोक त्या बाकावर बसत, लेकुरवाळ्या बाया बसत, अन असे दरवाजे अजून कुठं कुठं लागले असतील कोनाले मालूम. मी साहेबाचा कागद कोरा वापस नेला, वरतं ओली फिल्म ठेवली अन सारं सांगतलं. उस्तादचं नाव तेवढं नाही घेतलं.

साहेबानं फिल्म उजेडाले धरली, मोठा वेळ पाहिली. म्हने, बेंचपर कौन बैठता है? मी म्हनलो, सब बैठते हैं साहब. मेरी घरवाली भी.

त्याच दिवशी खोलीले टाळं लागलं, शिशाची चादर बसल्यावरच उघडली. माही फीत गेली. साहेब म्हने नियम तोडा है तूने, वो तो तोडा है. बरोबर होतं त्याइचं. पन त्याइनंच मंग मले किरनाच्या सुरक्षेच्या कोर्सले पाठवलं, अन तिथून माही नोकरी तीच झाली, या छावनीतून त्या छावनीत, एक्सरेच्या खोल्या तपासाच्या, पोराइले बॅज छातीवर लावाले शिकवाचं. कोनी पोरगा मले म्हने, उस्ताद, आमी तं बाहेर टांगतो, तं मी चाबीचा फोटो दाखवत होतो. मोठे मोठे साहेब रागावले, का हा कोन आमचे दरवाजे पाहनारा. मी म्हनो, रागवा, मी चाबी लावल्याशिवाय जात नाही. नाहीच गेलो कदी.

पोटातल्या लेकराचं पुसलं तं डॉक्टरनं मले म्हनलं होतं, उतने में कुछ नहीं होगा, शायद. ते शायद माह्या मनातून निघेना. पोरगी झाली तवा सुगंधा इकडं कोंढ्याले होती. मी सुट्टीवर आलो, हातपाय धुतले नाही, पयले पोरीचे बोटं मोजले. हाताचे, पायाचे. तीच मोठी, आता सातवीत आहे. पवनीच्या शाळेत पयल्या नंबरात येते, सायकल अशी चालवते का मी घाबरतो.

एवढं मातर लिहू नका मास्तर, सुगंधाले मी कदी सांगतलं नाही का तिले कायले उठवलं बाकावरून.

का म्हने? आयका, सुगंधाच चुलीपासून म्हनून राहिली, लिहा मास्तर. म्हने, छावनीतल्या बाया का मुक्या होत्या, दुसऱ्याच दिवशी मले दरवाज्याचं समजलं. तुमी सुट्टीवर आले अन बोटं मोजत बसले, मी पाहून राहिली होती खाटेवरून. तुमच्या आधी मी मोजून बसली होती, दहा खेप.

बारा वर्स झाले मास्तर. बारा वर्स दोघंही गप्प. लिहून टाका मंग.