शनिवारची टेप

तुमी इचारलं म्हणून सांगतो ताई, मी नाचणगावचा. बाप पुलगावले सायकली दुरुस्त करे, मले म्हणे तू हात काळे करू नको, बटनाचं काम शिक. शिकलो, वर्ध्यात एका संस्थेत कॉम्प्युटरच्या खोलीत लागलो. मंग माझी बायको मंदा, तीबी तिथंच लागली. शेतकऱ्यायच्या मोबाइलवर रोज हवामानाचा निरोप जाये, तो तिच्या आवाजात, रेकॉर्डिंगचं बटन मी दाबो. घरी माझ्यावर वरडे ते आपल्या बोलीत, अन् माइकसमोर बसली का एकदम पुस्तकातल्यासारखी, उद्या तुरळक पावसाची शक्यता आहे. मी म्हणो, बाई, घरीबी अशीच बोलत जाय नं. तर म्हणे, तुमच्यासंग असं बोलली तं तुमाले समजन का?

खरं माझं काम टेपचं. लोकायले वाटते टेप म्हणजे गाण्याची. ही कॉम्प्युटरची, दिवसभराचं सारं काम सरल्यावर तिच्यावर उतरवून ठेवाचं, म्हणजे उद्या मशीन जळली तरी अडत नाई. हरेक वाराची एक टेप, पुढच्या हप्त्यात तिच्यावरच नवं चढे, जुनं पुसल्या जाये. शनिवारच्या मात्र दोन, पाळीपाळीनं, एक हापिसात तं एक आमच्या घरी, सारं एका छपराखाली ठेवाचं नाई, हा नियम मीच बसवला. घरची टेप मंदा देवाच्या फळीवर ठेवे. म्हणे विद्या हाये तिच्यात, पाय लागाले नाई पाह्यजे.

काय सांगू तुमाले ताई. एक दिवस मंदा दुपारी डोकं दुखते म्हणून घरी गेली, अन् दवाखान्यात नेता नेता सरली. आजार नाई, बिमारी नाई.

सुतक लागलं. हापिसातला दिलीप बसाले आला. सायबानं त्याले सांगितलतं का येताना घरची शनिवारची टेप घेऊन ये, आता पाळी तिची हाये. दिलीप उंबऱ्यातूनच फळीकडे पाहे. म्हणे भाऊ, सुतकाच्या घरातून काई नेत नाई, तुमी तेरवी झाल्यावरच आणजा. सायब चिडले म्हणते, कॉम्प्युटरले कुठचं सुतक. पण दिलीपनं नाई नेली ते नाईच नेली.

तेरवी झाली, मी टेप पिशवीत घातली, हापिसात गेलो, मशीनमधी टाकलीबी. हाताले सवयच ती, टाका अन् पुसा. अन् एकदम आठवलं. मंदाच्या निरोपाचं कच्चं रेकॉर्डिंग, चुका-खोकल्यासकट असते ते, कॉम्प्युटरमधून आमी हप्त्याभरानं काढून टाकत होतो, जागा पुरत नसे. बाकी साऱ्या टेपायच्या पाळ्या येऊन गेल्या होत्या. माझ्याच वेळापत्रकानं एकेका वारातून मंदाले पुसत आणलं होतं. राह्यली ही एकच, दिलीपच्या सुतकापायी.

दिलीपले म्हटलं, जरा बाहेर जाय. अन् ऐकाले बसलो. साऱ्या निरोपात तेच पुस्तकी बोलणं, शक्यता आहे, खबरदारी घ्यावी. माझी बायको त्यात कुठंच नाई. लय रडलो बाप्पा, एवढं वाचलं अन् नेमकी तीच नाई वाचली. पण शेवटच्या निरोपाच्या मागं बटन चालूच राह्यलतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, अन् मंग ती बोलली, झालं जी माझं, बंद करा आता. अन् डबा खाऊन घेजा, काल तसाच वापस आणला.

आता टेपा गेल्या, सारं नेटवर चढते, मशीन भंगारात गेली. तेवढा तुकडा पोरीनं मोबाइलमधी टाकून देल्ला. एक तिच्यापाशी सिंदी मेघेले तिच्या घरी, एक माझ्यापाशी, एका छपराखाली ठेवत नाई मी अजूनबी. तुमी सुखी राहा ताई, घरचं माणूस बोलून राह्यलं असन तं कान देत जा. माझं काय, चाललं हाये. दुपारी डबा उघडला का लावतो. ती म्हणते, बंद करा आता. मी म्हणतो, हो, करतो. अन् पुन्हा पह्यल्यापासून लावतो.