वाळलेल्या चिप्सचा आवाज

सुंदरा: घाला ना हात आत. लागलं बोटाला? बुरशी आहे ती.

हिलाल: वरवरच दिसतेय.

सुंदरा: तळापर्यंत आहे. कुबट वास मारतोय डबा. दुपारी हर्षदा येईल. आठवा महिना लागलाय पोरीला, आणि माहेरून मागून मागितलं काय? आईच्या हातचे बटाट्याचे चिप्स.

हिलाल: दुकानातून पुडा आणतो.

सुंदरा: पुडा तिच्या घराखालीही मिळतो, हजीऱ्याला.

हिलाल: पाण्याचं काही असेल. बोअरिंगचं होतं ना?

सुंदरा: पाण्यावर नका ढकलू. रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवले, पाणी नितळ होईस्तोवर धुतले, मीठ घालून उकळले, काचेसारखे दिसायला लागले तसे उतरवले. मग वर अगाशीच्या उन्हात जुन्या साडीवर एकेक पसरला. कंबर मोडली माझी. तुमच्याकडे एकच काम होतं.

हिलाल: रात्रपाळी करून आलो होतो, तरी बसलो ना दिवसभर कबुतरं हाकलत.

सुंदरा: बसलात, नाही कुठे म्हणते? पण सांगितलं होतं, भरायच्या आधी ताटात घेऊन हलवा. खडखड वाजले तर डब्यात, नाहीतर अजून एक ऊन. हाताला ते फसवतात. कडा कडक लागतात, पोटात ओल असते. कानानेच कळतं. मी जिन्यातून विचारलं, वाजतात का? तुम्ही मान हलवली.

हिलाल: वाजले असतील तेव्हा.

सुंदरा: असतील म्हणजे?

हिलाल: आता झालं ते झालं.

सुंदरा: थांबा. उठू नका. दाराकडे तोंड करून बसा असेच.

(सुंदरा ताटात मूठभर कडक वाळलेले चिप्स घेऊन त्याच्या पाठीमागे जाते आणि ताट हलवते.)

सुंदरा: हे शेजारच्या कलाबाईचे. वाजतात का? अहो... हर्षदाचे आबा?

हिलाल: आज ऊन बरं आहे. वरवरचे काढून बाकीचे परत टाकू का अगाशीवर?

सुंदरा: आबा, माझ्या साडीने पेट घेतलाय.

हिलाल: मागे काय करतेस तू? समोर ये ना.

सुंदरा: आले. बघा आता माझ्या तोंडाकडे. कधीपासून?

हिलाल: काय कधीपासून?

सुंदरा: आबा.

हिलाल: डावा कान आधी गेला. मग उजवाही. कापडाच्या लूमच्या खडखडाटात सगळ्यांचंच होतं ते. खात्यात कोण कुणाचं ऐकतं? हातवारे करायचे, ओठ बघायचे. धागा तुटला की डोळ्याला दिसतं. काही अडत नाही तिथे.

सुंदरा: आणि घरात?

हिलाल: घरात तू बोलतेस. मी हं म्हणतो.

सुंदरा: मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय. मोरीत जाऊन रडायची मी. म्हणायची, एवढी वर्षं झाली, आता बायकोचा आवाजही नको झाला माणसाला.

हिलाल: मुकादमाला कळलं तर घरी बसवेल. या वयात उधन्यातल्या दुसऱ्या कारखान्यात कोण उभं करणार मला?

सुंदरा: मी मुकादम आहे का?

हिलाल: नाही गं. लाज वाटली.

सुंदरा: उद्या कान दाखवायला जायचं. आणि चिप्स का नाहीत ते हर्षदाला मी सांगते.

हिलाल: खरं सांगशील?

सुंदरा: खरंच सांगणार. तीही म्हणते, आबा फोनवर दोन शब्द बोलत नाहीत, लगेच तुझ्याकडे देतात.

हिलाल: अजून काय काय बिघडलं, माझ्या हं म्हणण्याने?

सुंदरा: जाऊ द्या. दमलात तुम्ही, झोपा जरा.

हिलाल: सांग. हळू बोल, दिसतंय मला.

सुंदरा: होळीच्या आधी म्हटलं होतं, साक्रीला जाऊन आईला भेटून येऊ, थकलीय ती. तुम्ही हं म्हणालात. मी पिशवी भरली.

हिलाल: मग?

सुंदरा: मग काय. संध्याकाळी तुम्ही डबा घेतला आणि पाळीला निघून गेलात. मी साड्या काढून परत पेटीत ठेवल्या.