धावणारी फाईल

नाही, मला सांगा, मी काय अपेक्षा करायला हवी होती? तिकडे नेदरलँड्सला जाऊन लोकप्रशासन शिकले, डोंबिवलीला परत आले, ठाण्यात खोपटच्या जवळ एका सरकारी ऑफिसात सल्लागार म्हणून लागले, आणि पहिलंच काम काय, तर कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवा, उधळपट्टी कशी थांबेल, काम भराभर कसं होईल... मला वाटलं, आता गच्चीवर सोलर लावा म्हणतील, कागद वाचवा म्हणतील, निदान बंद खोलीतले पंखे तरी बंद करा म्हणतील! आणि पेटीतून निघालं काय? लेखा शाखेनं लिहिलेलं, "पाणी शाखेची गरज नाही." पाणी शाखेनं लिहिलेलं, "लेखा शाखेचा एसी काढावा." आणि एका निनावी सज्जनानं लिहिलेलं, "सूचना मागवणे थांबवावे, वेळ वाचेल."

मी चिडले नाही हं! तुम्हाला सांगते, मला फक्त जाणून घ्यायचं होतं!

पण एक सूचना मात्र सोन्यासारखी होती. पाणी शाखेतल्या दर्शनाची. ही दर्शना आणि लेखा शाखेतला महेंद्र, दोघांची टेबलं एकमेकांना चिकटलेली. चिकटलेली म्हणजे तिचं कोपर त्याच्या टेबलावर! डबा एकत्र, "महेंद्र, कारलं घे ना रे," "नको, कालचं अजून पोटात आहे," असं दिवसभर चालू. पण दर्शनाची फाईल महेंद्रकडे जायची, तर ती आधी शिपायाबरोबर खाली तळमजल्यावर आवक-जावकला जाणार, तिथे त्र्यंबकराव शिक्का मारणार, त्यांना वेळ झाला की, मग जिना चढून ती महेंद्रकडे येणार. तर दर्शनानं लिहिलेलं, "मी हातात दिली तर?"

मी महेंद्रला विचारलं, "अरे, हातात का घेत नाहीस?"

"मॅडम, हातात घेतली तर आली कुठून म्हणून दाखवू?"

"समोरून!"

"समोर दर्शना आहे मॅडम. समोर पाणी शाखा नाही."

मी म्हटलं, "बाबा रे, मला फक्त जाणून घ्यायचं होतं!"

तेवढ्यात जाईबाई आल्या. जाईबाई माजिवड्याला अंगणवाडी चालवतात. अंगणवाडीला नळ नाही. शेजारच्या गॅरेजवाल्याची नळी घेऊन पोरांचं पाणी भरतात, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय, माझ्याच गाड्या धुवायला पाणी पुरत नाही, सोमवारपासून नळी काढतो. "ताई," त्या मला म्हणाल्या, "पोरं काय ऑइल पिणार काय हो?" त्यांच्या नळाची फाईल कुठे? दर्शनाच्या टेबलावर! जायची कुठे? महेंद्रकडे! मी म्हटलं, हीच! हीच फाईल! वर "प्रायोगिक तत्त्वावर" असं लिहिलं, कारण हे दोन शब्द लिहिले की सरकारी ऑफिसात माणूस उलटा चालला तरी कोणी अडवत नाही, हे एव्हाना मला कळलेलं, आणि दर्शनानं फाईल उचलली, महेंद्रनं डोळे मिटून घेतली, तपासली, आणि तुम्हाला सांगते, सकाळी निघालेली फाईल दुपारी साहेबांच्या टेबलावर! आम्ही टाळ्या वाजवल्या! दर्शनानं कारलं वाटलं! महेंद्रनंसुद्धा खाल्लं!

आणि प्रभाकर साहेबांनी मला आत बोलावलं.

मी आपली हसत गेले. मला वाटलं, शाबासकी! साहेब शांत, चष्मा पुसतायत. "मैथिली, गैरसमज करून घेऊ नका. पण ही फाईल धावते आहे."

"हो ना सर!"

"धावणाऱ्या फाईलीवर मी सही करत नाही. चालणारी फाईल प्रामाणिक असते. धावणाऱ्या फाईलीला मागून कोणीतरी ढकलत असतं. या जाईबाई कोणाच्या कोण?"

"सर, कोणाच्याच नाहीत, त्या अंगणवाडीच्या..."

"मग इतकी घाई का?" आणि त्यांनी लाल शाईनं लिहिलं, "तत्परतेचे कारण काय? पाणी शाखेने खुलासा करावा."

तत्परतेचं! कारण! अहो, उशिराचं कारण विचारतात हे मी शिकलेले, त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलेलं, पण लवकर का झालं, याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे? आणि मला खरंच फक्त जाणून घ्यायचं होतं!

बाहेर आले, तर दर्शनाचा चेहरा पडलेला. "मॅडम, खुलासा माझ्याकडून मागितलाय. माझं प्रमोशन आहे हो यंदा." महेंद्र भिंतीकडे बघत बसलेला. शेवटी आमच्या सगळ्यात जुन्या सरोजताईंनी मला बाजूला घेतलं. "हे बघ मैथिली, दोन रस्ते आहेत. खरं कारण लिहिलंस, तर साहेब विचारणार, नवी पद्धत कोणाच्या मंजुरीनं? मग ते प्रकरण वर जाणार, तिथून आणखी वर, आणि नळ राहिला बाजूला. दुसरा रस्ता, माफी. साहेबांना खुलासा पटत नाही कधी, पण माफी लगेच पटते. फाईलीला माफी लागली की तासाभरात सही."

"पण ताई, माफी कशाची? चूक काय केली?"

"ते तू शोध बाई. तू शिकलेली आहेस."

घरी जाताना मी मनातल्या मनात साहेबांना भाषण देत होते, असं भाषण की तिकडचे माझे प्रोफेसर उभे राहिले असते! माघार नाही म्हणजे नाही! आणि जाईबाईंचा फोन आला. ओरडल्या नाहीत, काही नाही. "ताई, मी पोरांना सांगितलंय सोमवारी आपला नळ येणार. सांगून चुकले काय मी?"

झालं. भाषण तिथेच संपलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसला गेले, दर्शनाच्या टेबलावरून तो लाल शेऱ्याचा कागद उचलला, ठरवलं की खुलासा तिच्या नावानं नाही, माझ्या नावानं जाणार, आणि आमच्या विद्यापीठानं दिलेल्या पेनानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"सदर प्रकरणात विलंब झाला नाही, ही सर्वस्वी माझी चूक आहे. मी नवीन आहे. यापुढे काळजी घेईन."