एकोणचाळिसाव्या दिवशी गाडी मुकी झाली

नवस मीच बोलले होते हो, कुणी बळजबरी केली नव्हती. सासूबाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू सुखरूप निघू दे, चाळीस दिवस दुपारी बारापर्यंत मौन पाळीन... आणि वर शहाणपणा असा, की लिहूनसुद्धा काही सांगणार नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, नाही का? आता मला सांगा, एकोणचाळिसाव्या दिवशी ऑपरेशन आणि त्याच सकाळी गाडी मुकी होईल, हे मला स्वप्नात तरी दिसलं होतं का?

मुकी म्हणजे अगदी मुकी. ह्यांनी किल्ली फिरवली, आवाज नाही, दिवे नाहीत, हॉर्न नाही. मागे सासूबाई धुतलेलं पातळ नेसून, डोळ्यात थेंब घालून बसलेल्या. दोनदा तारीख हुकलेली, साडेनऊला पोचलो नाही तर पुढची तीन महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणाले होते की आता थांबू नका. टॅक्सीवाला म्हणे, तासाभरानं येतो.

आणि मला ठाऊक होतं काय झालंय. आणि मी गप्प.

ठाऊक कसं म्हणून काय विचारता, मीच केलं होतं ना! आदल्या दिवशी म्हटलं, आई बसणार, गाडी आतबाहेर पुसून काढू. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकावर ही पांढरी-हिरवी भुकटी. वायरची कडी सैलच होती, हातानं निघाली. खसाखसा पुसलं, आणि पुन्हा घाण नको म्हणून टोकाला दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला, बरणीच्या तोंडाला बांधतो तसा. त्यावर कडी, तुकडा आत पार झाकला गेला, आणि कडीवर लाल टोपी. इतकं समाधान वाटलं... आणि आता किल्ली फिरली तसं सगळं लक्षात आलं. प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे मुलीकडून मीच ना घोकून घेतलं होतं?

दीर म्हणाले, “दादा, फ्यूज गेलाय.” शेजारचे काका म्हणाले, “छे, स्टार्टर. मी आवाजावरून सांगतो.” अहो, आवाज होता कुठे? ह्यांनी गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, आधी बॅटरीची टोकं बघा, घाण साचली असेल.” हे वाकले, टोपी जरा उचलली आणि छाती फुगवून म्हणाले, “आरशासारखी चकचकीत आहेत.”

“मग टोकं नाहीत साहेब. वायरिंग उचकावं लागेल, दोन दिवस जातील.”

मला धक्काच बसला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या पुसण्याचं पहिलं कौतुक झालं ते असं, आणि मी गप्प.

मीच हात घातला, तर हे ओरडले, “शॉक लागेल!” मग हातवारे केले, हे असं गुंडाळलं, हे असं दाबलं, हे काढा. दीर म्हणाले, “वहिनी विचारतायत, डबा बांधू का.” काका म्हणाले, “नाही रे, प्रार्थना करतायत.” नऊ वाजत आलेले... आणि मी गप्प!

तेवढ्यात मागून सासूबाई, ज्यांना समोरचं माणूस नीट दिसत नाही त्या, म्हणाल्या, “अरे, हिच्या बांगड्या ऐका जरा. ती काहीतरी सांगतेय. बोल गं, डोळे माझे आहेत, मी सोडते तुला नवसातून.”

बोलावं तर नवस मोडतो, न बोलावं तर ज्यासाठी नवस तेच हुकतं. डोळे मिटून देवाची क्षमा मागितली आणि बोलले. सकाळचा माझा पहिला शब्द देवाचं नाव असायला हवा होता की नाही? तो निघाला “प्लास्टिक.”

“कुठलं प्लास्टिक?”

“टोकावरचं. मीच घातलंय.”

मग त्या तिघांचं मौन सुरू झालं.

तुकडा काढला, कडी बसवली, गाडी एका झटक्यात सुरू. पाच मिनिटं आधी पोचलो, ऑपरेशन छान झालं. सासूबाई म्हणतात, मी सोडवलं, तुला दोष नाही. पण चाळीस म्हणजे चाळीस, म्हणून कालपासून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. तेव्हा बारापर्यंत फोन करू नका, आणि जमलं तर तुम्हीही एक सकाळ गप्प राहून बघा, पण आधी बॉनेट उघडून या.