पहिल्या डुबीचा मान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रेती बंदरावरचे ज्येष्ठ नौकामालक आणि शाळेच्या प्रत्येक अडीअडचणीला धावून येणारे माननीय दाजीकाका म्हात्रे; व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापिका लक्ष्मीबाई; ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, आमचे व्यायामशिक्षक नाथा शिगवण सर; शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी सरूबाई; शिक्षकवर्ग, उत्तनपासून पेणकरपाड्यापर्यंतच्या गावांतून आलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या आमच्या खाडीकाठच्या आयाबाया, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी आनंदी. याच शाळेत शिकले, आता इथेच पहिलीचा वर्ग सांभाळते. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सरांचे क्रीडाक्षेत्रातील योगदान’ असं छापलंय आणि लक्ष्मीबाईंनी मला थोडक्यात आटपायला सांगितलंय. त्यांचा मान राखून सांगते, आज थोडक्यात होणार नाही. पळणाऱ्याला मधेच हाक मारू नये असं सरच आम्हाला शिकवायचे.

एकसष्ट साली सर रत्नागिरीकडून भाईंदरला आले, तेव्हा आपल्याकडे ताकद नावाची एकच वस्तू होती. ती असली तर माणूस गडी, नसली तर नुसताच खायला काळ. मिठागरावर गोण उचलली, ताकद. खाडीत जास्त वेळ खाली राहिला, ताकद. सरकारच्या शारीरिक क्षमता चाचण्या तेव्हा नव्यानेच शाळांत आल्या होत्या. सरांनी मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या, एक बाक मांडला, गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच अडकवलं आणि आम्हाला म्हणाले, “तुमच्या अंगात एक नाही, पाच-सहा भाडेकरू राहतात. जोर, वेग, दम, लवचिकपणा, चपळाई. एकाचं दार वाजवून दुसऱ्याची खबर मिळत नाही. प्रत्येकाचं दार वेगळं वाजवावं लागतं.”

आम्ही हसलो. मग लवू बाकावर उभा राहिला. हा आमच्या वर्गातला पहिलवान, मिठाची गोण एकट्याने पाठीवर घेणारा. गुडघे न वाकवता खाली वाकायचं होतं, तर त्याची बोटं नडगीच्या पुढे जाईनात. म्हणाला, “सर, बाकच वाकडा हाय.” आणि चौक गावाहून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन येणारी चंपा लांब पल्ल्याच्या धावण्यात सगळ्या मुलांना मागे टाकून आली, तेव्हा तिचे वडील सरांना भेटायला आले ते एवढंच सांगायला, की हे बाहेर बोलू नका, पोरीचं लग्न व्हायचंय. लवू, चंपा, तुम्ही दोघंही इथे बसला आहात. रागावू नका. गोड आठवणी एवढ्याच आहेत, त्या आधी सांगून टाकल्या.

सरांची सगळ्यात आवडती चाचणी बाकावर चढ-उतार करायची. चढायचं, उतरायचं, मग बसायचं, आणि सर मनगटावर बोटं ठेवून नाडी बघणार. ते म्हणत, धाप लागणं वाईट नाही, लागलेली धाप किती लवकर बसते ते बघायचं. श्वास रोखून धरायचीही एक चाचणी होती. त्यात माझा थोरला भाऊ दगडू सगळ्यांना भारी पडायचा.

एकदा वर्गात त्याने आणखी वेळ काढायचा म्हणून आधी भराभर दहा-वीस श्वास ओढले आणि मग नाक दाबून बसला. आम्ही टाळ्या वाजवत होतो. दगडू हसत होता. हसता हसता तो बाकावरून खाली गेला. धाप नाही, तडफड नाही, हातवारे नाहीत. शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, “काय झालं? मी तर मजेत होतो.” त्या दिवशी सरांचं तोंड पांढरं पडलेलं मी पाहिलं. पोरगा पडला याची त्यांना भीती वाटली नव्हती. त्याला काहीच कळलं नव्हतं, याची वाटली होती.

सर बोरिवलीच्या एका डॉक्टरांना विचारून आले. खाडीकाठी न राहणाऱ्या पाहुण्यांसाठी आधी एवढं सांगते, की आपल्याकडे रेती काढणारा माणूस पाण्यात रोवलेल्या बांबूला धरून तळाशी जातो, बादली भरतो, आणि वरचे ती दोरीने ओढून घेतात. याला आम्ही डुबी म्हणतो. डुबीच्या आधी भराभर श्वास ओढायचा, हे आपले गडी बापाकडून शिकतात. डॉक्टरांनी सांगितलं की त्याने छातीत हवा फारशी वाढत नाही. ‘आता वर ये’ असं शरीर आतून ओरडतं ना, ती हाक तेवढी उशिरा येते. आणि हाक येण्याआधीच शुद्ध जाऊ शकते.

हे सांगायला सर बंदरावर गेले. दाजीकाका, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा दिलात. सगळं ऐकून म्हणालात, “मास्तर, पोरगा बाकावरून पडला ना? पाण्यात पडंल कुठं? तो आधीच खाली हाय.” सगळे हसले. मीही हसले, मी पाणी भरायला आले होते. बोलणं हसण्यासारखंच होतं.

नारळी पौर्णिमेला खाडीची पूजा झाली की आपल्याकडे डुबीची चढाओढ लागते. जो सगळ्यात जास्त वेळ खाली राहील, त्याला पहिल्या डुबीचा मान. मान म्हणजे नुसता गुलाल नव्हे. त्या गड्याला दाजीकाकांच्या नावेवर वर्षभर हक्काची जागा, बाकीच्यांनी रोज सकाळी बंदरावर तोंडाकडे बघत उभं राहायचं. आमचे वडील त्याआधीच वारले होते. दगडूला तो मान हवा होता, आणि का हवा होता हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. सरांनी त्याला घरी येऊन बजावलं, तर तो म्हणाला, “सर, तुमच्या बाकावरचा दम वेगळा, बंदरावरचा वेगळा.” चढाओढीला दरवर्षी शाळेचं स्टॉपवॉच जायचं. अडुसष्ट साली सरांनी ते दिलं नाही. वाटलं, घड्याळ नसेल तर चढाओढ होणार नाही.

घड्याळ नव्हतं, म्हणून लोकांनी तोंडाने मोजलं. काठावर डबे वाजत होते आणि सगळी बायामाणसं एका सुरात आकडे म्हणत होती. एकेक गडी वर येत गेला. दगडू येईना, तसा आवाज चढत गेला. सगळ्यात मोठ्याने आमची आई मोजत होती. पलीकडे सर ‘काढा त्याला, काढा’ म्हणून ओरडत होते, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी सर कपड्यांनिशी पाण्यात शिरले. तेव्हा कुठे गडी खाली गेले. दगडूचा हात बांबूला अडकलेला होता. सरांनी त्याला काठावर निजवला, मनगटावर बोटं ठेवली, आणि ती कितीतरी वेळ काढलीच नाहीत. लोक म्हणाले, बस करा मास्तर.

त्यानंतर सरांबद्दल काय काय बोललं गेलं ते मी उगाळत नाही. मास्तरची नजर लागली, मास्तरने घड्याळ अडवून अपशकुन केला.  पाच वर्षं सर बंदराच्या रस्त्याने गेले नाहीत, लांबून फिरून शाळेत आले. आज शाल आणि श्रीफळ देताना एवढं तरी आपण ध्यानात ठेवावं, असं मला वाटतं.

दाजीकाका, तुम्ही आमच्या घरचं सगळं केलंत. दिवसकार्य केलंत, मला डी.एड.ला पाठवलंत. ते मी विसरले नाही, आणि म्हणूनच आज माझी जीभ जड झालीय. तुम्ही प्रेमाने आणखी एक केलंत. बंदरावरच्या ऑफिसच्या भिंतीवर रंगाने लिहिलंत, ‘पहिल्या डुबीचा मान, दगडू’, आणि खाली त्या दिवशी लोकांनी मोजलेला शेवटचा आकडा. आई येता-जाता त्या अक्षरांवरून हात फिरवते. पोरं म्हणतात, दगडूचा विक्रम अजून कुणी मोडला नाही.

कसा मोडेल? सरांनी आम्हाला शिकवलं की प्रत्येक चाचणी काय मोजते ते आधी विचारावं. मग मी विचारते, त्या भिंतीवरचा आकडा काय मोजतो? माझा भाऊ किती वेळ जगला ते, की मेल्यावर आपण किती वेळ डबे वाजवले ते? मेलेल्या माणसाएवढा श्वास जिवंत माणसाने कसा रोखायचा?

आणि तरी रोखणारे आहेत. येत्या पौर्णिमेला माझा धाकटा भाऊ रामू उतरतोय. तो तिथे खिडकीपाशी बसलाय. भावाचा आकडा भावानेच मोडायचा, असं त्याने आईच्या पायाला हात लावून सांगितलंय. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. मला म्हणतो, “ताई, दादा जिंकला, मी हरू?”

म्हणून अध्यक्ष महाराज, सरांच्या निरोपाच्या दिवशी मी आपल्याकडे एक मागणं मागते. चढाओढ बंद करा असं मी म्हणणार नाही, ते तुम्हा पुरुषमाणसांचं आहे. नियम तेवढा बदला. जो आपल्या पायांनी वर येईल आणि ज्याची नाडी सरांच्या बोटाखाली शांत होईल, तोच मोजला जावा. आणि हा नियम अडुसष्ट सालापासून लागू करा. दगडू आपल्या पायांनी वर आला नव्हता. तो हरला होता. भिंतीवरचं नाव पुसा आणि माझा भाऊ हरला असं आपल्या तोंडाने जाहीर करा. आई, तू इथे आहेस, हे तुझ्यासमोर बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. पण एक जिंकलेला मुलगा तुला पुरे झाला.

सर, तुम्ही शिकवलंत त्याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. सरूबाई, पाच वर्षं तुम्ही गावाचं बोलणं सोसलंत, तुमचेही आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत. शुभ प्रसंगी अशुभ बोलले, लहान तोंडी मोठा घास घेतला, वेळही जास्त घेतला. पदरचं पोर समजून पोटात घाला.

यापुढे अध्यक्षीय भाषण आहे. मी खाली जाऊन रामूच्या शेजारी बसते. दाजीकाका, आम्ही ऐकतोय.